कुमुदिनीबाईसाहेबांचा आवाज सोडवून आणिल्याची हकीकत

श्री. ज्याचे कान सुपाएवढे तो गणराय ऐकणारांस ऐकू देवो आणि सांगणारास आवरते घेण्याची बुद्धी देवो.

शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, पौष मास. ते समयी एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याची परवानगी नाही. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि वाळत घातलेल्या कपड्यांमागे गॅलरी, एवढा मुलूख. त्यावर श्रीमंत दिगंबरपंत ओगले राज्य करीत होते. पूर्वी वीजखात्यात मीटर वाचण्याची सुभेदारी केली आणि मग निवृत्त जाहले, आणि राणीसाहेब कुमुदिनीबाई मागील माघात कैलासवासी जाहल्या, तेव्हापासून राज्य चालवावे कोणासाठी हे त्यांस उमगेना. कुकर लावावा तर भात दोघांचा होई, आणि मग उरलेला सकाळी खावा आणि खाताना रडू यावे, ऐसे चालले होते. ऐशात कन्या कस्तुरीबाई, ज्या सातासमुद्रापार नांदत होत्या, त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "बाबा, मी वर्षश्राद्धाला येतेय. तुम्ही आईचं एवढं शूटिंग करून ठेवलंय, त्याची एक फिल्म करा ना. तिचा चेहरा दिसतो मला, पण आवाज... परवा आठवायला गेले तर आठवेचना. मी घाबरले, बाबा." श्रीमंत "करतो" म्हणाले, आणि फोन ठेवून पुष्कळ वेळ गॅलरीत उभे राहिले. कारण वर्षभरात त्यांनी एकही फीत उघडली नव्हती. त्या आवाजाची भूक कन्येस होती त्याहून त्यांस अधिक होती, परंतु धीर होत नव्हता.

मग फिती जोडावयाचे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, याची मसलत सुरू जाहली. प्रथम एक बडे परदेशी सॉफ्टवेअर आले. त्याची करणी थोर, परंतु ते दरमहा खंडणी मागे, आणि खंडणी चुकली की दरवाजे बंद. श्रीमंत म्हणाले, "पेन्शनीवर चौथाई बसवून घ्यावी इतके आम्ही हरलो नाही," आणि त्यास वेशीवरूनच परत पाठविले. मग दुसरे आले, ते फुकट. त्याने अदबीने सर्व काम करून दिले, आणि अखेरीस राणीसाहेबांच्या ऐन कपाळावर आपल्या नावाचा शिक्का उमटविला. तो पाहून श्रीमंतांचा संताप अनावर जाहला आणि त्यास तत्काळ हाकलून दिले. मग तिसरे आले, तेही फुकट आणि मोठे पराक्रमी, सिनेमावाले वापरतात म्हणून कीर्ती. परंतु राज्यातील जुना लॅपटॉप त्याच्या भाराने धापा टाकू लागला, आणि चित्र जरा चाले आणि उभे राही. हत्ती बक्षीस मिळाला आणि अंगणात मावेना, तैसे जाहले.

तेव्हा खालच्या मजल्यावरील नसीमाबाई शेख, ज्या घरी बसून लग्नांच्या चित्रफिती जोडून देत, त्यांस पाचारण केले. त्या चहा घेता घेता म्हणाल्या, "काका, आधी सांगा, तुम्हाला करायचंय काय? तुकडे कापायचे, जोडायचे आणि आवाज नीट यायला हवा, एवढंच ना? मग एकदाच पैसे भरायचं साधंसं काहीतरी घ्या. आणि घ्यायच्या आधी चार दिवस ट्रायल चालवून बघा, तुमच्या लॅपटॉपला झेपतंय का. आवाज साफ करायची सोय असते त्यात, पण जरा जपून हं. नवीन माणूस तिथंच वाहवत जातो." श्रीमंतांनी आधीचे सर्व मनावर घेतले आणि शेवटचे घेतले नाही.

साधे सॉफ्टवेअर आले, लॅपटॉपास मानवले, आणि श्रीमंतांनी पहिली फीत उघडली. स्वयंपाकघरातून राणीसाहेबांची "अहो" ऐसी हाक आली मात्र, श्रीमंतांनी झटकन लॅपटॉप मिटला. मग चष्मा पुसून पुन्हा उघडला. पाहतात तो आवाजास चहूंकडून वेढा पडलेला. इकडून मिक्सर, तिकडून कुकर, डोक्यावर पंखा आणि खाली रस्त्यावर भंगारवाला. श्रीमंत म्हणाले, "बाईसाहेबांस यातून सोडवून आणू." आणि मग आवाज साफ करावयाची कळ सरकवली, तो पंखा पडला. आणखी सरकवली, मिक्सर शरण आला. आणि मग हात आवरेना, रोज थोडी थोडी सरकवीत गेले, आणि तेच तेच ऐकून कान ऐसे सरावले की शत्रूबरोबर आणखी काय कमी होत चालले हे त्यांस कळेना. अखेर भंगारवालाही नामशेष जाहला आणि रणात शांतता पसरली. फत्ते जाहली म्हणून श्रीमंतांनी नसीमाबाईंच्या घरी पेढे पाठविले.

माघात कन्या आल्या. श्राद्धाचे ब्राह्मण जेवून गेले आणि मग दिवाणखान्यात टीव्हीवर फीत लावली, नसीमाबाईही येऊन बसल्या. राणीसाहेब पडद्यावर आल्या, ओठ हलले, आणि आवाज निघाला तो ऐसा, की रिकाम्या टाकीत तोंड घालून कोणी परके बोलत आहे. कस्तुरीबाई ऐकत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "बाबा, ही आई नाही."

श्रीमंतांचा चेहरा उतरला. "अगं, मी सगळा गोंगाट काढलाय. इतके दिवस तेवढंच करत होतो."

"पण गोंगाटच तर हवाय मला! आई कधी शांततेत बोललीय का? मिक्सर लावला की तिला सगळं सांगायचं असायचं."

नसीमाबाईंनी विचारिले, "काका, मूळ फाइली आहेत ना?" श्रीमंत म्हणाले, "आहेत. एकही पुसली नाही. पुसवलीच नाही." मग नसीमाबाईंनी लॅपटॉप मांडीवर घेऊन ती कळ पार मागे आणिली, आणि मारलेले सर्व शत्रू जिवंत जाहले. पंखा घरघरला, कुकर फुसफुसला, मिक्सर गरजला, आणि त्या सर्वांच्या वरून राणीसाहेब ओरडल्या, "अहो! ठेवा तो कॅमेरा. पोहे गार होतायत. या ना इकडे!" आणि फितीतच कॅमेऱ्यामागून श्रीमंत म्हणाले, "एक मिनिट गं, छान दिसतेयस." कस्तुरीबाई तोंडावर ओढणी धरून हसू लागल्या आणि हसता हसता रडू लागल्या, "हीच, हीच आई." पुढली फीत लागली, तीत तीच हाक आणि तेच एक मिनिट. त्यापुढली लागली, तीतही तेच. इतक्या वर्षांत राणीसाहेब बोलावीत आहेत आणि श्रीमंत येत नाहीत, ऐसी एकंदर हकीकत निघाली. मग आणखी एकदा "या ना इकडे" ऐसी हाक आली, आणि श्रीमंत आसनावरून उठले, "आलो, आलो" म्हणाले, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. आत ओटा स्वच्छ पुसलेला होता. कस्तुरीबाईंनी फीत थांबविली नाही.

एकंदर वर्तमान ऐसे, की सॉफ्टवेअर परवडण्याजोगे मिळाले, आवाज सुटून आला, आणि कन्या तो बरोबर घेऊन परत गेल्या. राज्य पूर्ववत चालले आहे. सकाळी फीत लागते, आणि श्रीमंत आता पहिल्या हाकेला उठतात. येथे लेखणी ठेविली.