तक्रार वर गेली

सुनेची कंपनी कपडे वाळत घालायच्या खोलीत होती. एक टेबल, एक खुर्ची आणि डोक्यावर ओले टॉवेल. पण तिथे दोन वर्षं एकटीने खपून तिने असं सॉफ्टवेअर उभं केलं, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं! वसाहतीतल्या माणसाने मोबाइलवर नळाचं नाहीतर दिव्याचं चित्र दाबायचं आणि तोंडाने तक्रार सांगायची. तासाभरात कोणी हललं नाही, तर तक्रार आपोआप वरच्या साहेबाकडे. आणि ती मिटली की नाही, हे ठरवणार तक्रार करणाराच. ऐकून घ्यायची जी अक्कल नवऱ्याला दहा वर्षांत आली नाही, ती तिने मोबाइलला शिकवली.

तपासायला घरात सासूबाई होत्याच. शाळा दुसरीपर्यंत, पण तक्रारीत हात धरणारं कोणी नव्हतं.

आज चाळीस इमारती सांभाळणाऱ्या मोठ्या बाई हे सगळं कॅमेऱ्यावर बघणार होत्या. हे गिऱ्हाईक हुकलं, तर कंपनी गुंडाळून सुनेला पुन्हा नोकरी धरावी लागणार होती. सकाळीच तिने नमुना दाखवायला सॉफ्टवेअरमध्ये 'वरचा साहेब' म्हणून त्या बाईंचा नंबर घातला आणि दार लावून घेतलं.

दीड वाजता सासूबाईंनी दार ठोठावलं. "अगं, दोन घास खाऊन घे!"

"पाच मिनिटं, आई!"

शिकलेल्यांची पाच मिनिटं ती! सासूबाईंनी मोबाइल उचलला. जेवणाचं चित्र नव्हतं, म्हणून नळाचं दाबलं. "सून सकाळपासून उपाशी आहे. दार उघडत नाही. कंपनी काय चाटायचीय?"

अडीचला मोठ्या बाई पडद्यावर आल्या. सुनेने तोंड उघडलं, तोच बाईंचा मोबाइल वाजला आणि त्यातून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला. सुनेचा चेहरा पिळलेल्या टॉवेलसारखा झाला.

"कोण ह्या?"

"सासूबाई. माफ करा, मी..."

"तुम्हाला ही तक्रार मिटवता येते?"

"नाही. त्यांनाच येते."

"मग बोलवा त्यांना."

सासूबाई ओले हात पुसत आल्या. "बरं झालं भेटलात! हिला जेवायला सांगा. माझं कुठे ऐकते?"

"आजी, वाचता येतं तुम्हाला?"

"अक्षरं जुळवत जुळवत. पण इथे वाचायचंय कशाला? चित्र दाबायचं, तोंड सोडायचं! सुनेनं केलंय माझ्या."

मोठ्या बाई हसल्या. "आधी जेवा हो. मी थांबते."

सून कॅमेऱ्यासमोर जेवली. शेवटचा घास घशाखाली उतरला, तेव्हा कुठे सासूबाईंनी हिरवं बटण दाबलं.

"आमच्याकडे आजवर एकही तक्रार इतक्या लवकर मिटलेली नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "कागद पाठवा. सही करते."

"माझ्यामुळे मिळालं काम!" सासूबाई रात्रीपर्यंत मिरवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच मोबाइल वाजला. आत सुनेचा आवाज: "आई रक्तदाबाची गोळी उशीखाली लपवतात."

"अगं, ही पण वर जाते की काय?"

"हो, तासाभराने. नंबर त्याच बाईंचा आहे."

सासूबाईंनी मुकाट्याने पाणी मागितलं, गोळी टाकली. "गिळली गं बाई! मिटव आता."

सून बटणावर बोट ठेवून म्हणाली, "आधी आ करा."