तिसरी फाइल

आमच्या लग्नात गायधनी काका स्टेजवर आले, त्यांनी माझ्या हातात कुकरचं खोकं ठेवलं आणि सोडलंच नाही. खोक्याच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी. फोटोग्राफर इकडे बघा, इकडे बघा करत होता, आहेर द्यायला आलेल्यांची रांग जिन्यापर्यंत गेली होती, आणि काका माझ्या कानाशी लागून विचारत होते, "हा कुकर मी नक्की कोणाला देतोय? तुला, सूनबाईंना, की तुमच्या कुटुंबाला?"

मी म्हटलं, "काका, घरात गॅस एकच आहे."

"गॅस एक असू दे. कुकर कोणाचा? उद्या कोणी विचारलं तर?"

शेवटी मेधानं, म्हणजे माझ्या नव्याकोऱ्या बायकोनं, खोकं ओढून घेतलं आणि ती त्यांच्या पाया पडायला वाकली. काकांना उत्तर न मिळताच खाली उतरावं लागलं. पंगतीत ते जिलबी पुढ्यात घेऊन बराच वेळ विचारात बसले होते, असं माझा मावसभाऊ अजून सांगतो. काकांना ती थट्टा वाटली नव्हती. कुकरचा मालक कोण, हे न ठरवता आम्ही भात लावणार, याची त्यांना खरोखर काळजी लागली होती.

नाशिकला गंगापूर रोडवर आम्ही ज्या सोसायटीत राहायचो तिथे काकांचा फ्लॅट बरोब्बर आमच्या खाली. घराणं रामकुंडावरच्या उपाध्यांचं. थोरले भाऊ आलेल्या यात्रेकरूंच्या घराण्यांच्या वह्या सांभाळायचे, कोण कोणाचा मुलगा, कोण कधी गेलं ते वाचून दाखवायचे. काकांनी मात्र तरुणपणीच घाटाकडे पाठ फिरवली आणि लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न भरून द्यायला सुरुवात केली. थोरले भाऊ म्हणायचे, "धंदा आमचाच आहे त्याचा. घरात कोण कोण आहे, हे आम्हीही विचारतो आणि तोही. आम्हाला लोक खरं सांगतात, एवढाच फरक."

काकांच्या पत्नी सुमनकाकू आम्ही तिथे राहायला जायच्या आधीच गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. काका एकटे राहायचे, स्वतःची पोळीभाजी स्वतः करायचे आणि दिवसभर घाबरायचे.

घाबरायचे म्हणजे काय, ते सांगायला हवं. गल्लीत पांढरी ॲम्बॅसेडर शिरली की काका गॅलरीत. गाडी वळून जाईपर्यंत आत यायचे नाहीत. एकदा ती आमच्याच फाटकाशी थांबली. काकांनी घाईघाईनं शर्ट चढवला, केस विंचरले आणि दार उघडं टाकून खुर्चीवर ताठ बसून राहिले. गाडीतून समोरच्या बिल्डिंगमधली बाळंतीण उतरली. तिचे मामा सरकारी खात्यात होते आणि तिला दवाखान्यातून घरी सोडायला आले होते. काकांना धाप लागली होती. या माणसाच्या घरात एक अंगठी, चार भांडी आणि सुताळीनं बांधलेली रद्दी यापलीकडे इन्कम टॅक्सच्या धाडीत सापडण्यासारखं काही नव्हतं, आणि ती रद्दीसुद्धा पावतीशिवाय विकली जायची नाही.

पावतीचं तर विचारूच नका. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात मखमलाबादकडची एक माळीणबाई शेवंती घेऊन बसायची. तिच्याकडे काकांनी फुलांची पावती मागितली. ती म्हणाली, "मला कुठं लिवता येतंय बाबा. तुमीच लिवा, मी अंगठा देते." ती चेष्टा करत होती. काका पिशवी खाली ठेवून शाईचं पॅड शोधायला लागले. तेव्हापासून त्यांना लांबून येताना पाहिलं की ती आधी अंगठा वर करून दाखवायची आणि मग फुलं मोजायची.

या माणसाच्या तावडीत मी आपण होऊन सापडलो, त्याला निमित्त झालं वडिलांच्या जमिनीचं. सिन्नरकडची आजोबांपासूनची जमीन वडिलांनी विकली आणि माझा वाटा माझ्या हातात ठेवला. तो बँकेत कोणाच्या नावावर ठेवायचा, हा प्रश्न होता. ओझरच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर घोटीचा भोर होता. घरी भाताची गिरण, त्यामुळे व्यवहारातलं त्याला सगळं कळतं असं आम्ही मानायचो. तो म्हणाला, "तुझ्या नावावर टाकू नको, टॅक्स लय बसंल. बायकोच्या टाकून पण उपेग नाय, याज तुझ्यातच धरत्यात. लगीन झालंय ना तुझं? मग कुटुंबाची फाइल काढ."

मला हे नवीनच होतं. इन्कम टॅक्सकडे तुमची एक फाइल, बायकोची एक आणि शिवाय तुमच्या कुटुंबाची तिसरी. सरकारच्या लेखी कुटुंब हाही एक वेगळा माणूस असतो, त्याचं उत्पन्न वेगळं, त्याचं रिटर्न वेगळं. त्यावर सही घरातल्या कर्त्या पुरुषानं करायची आणि सहीखाली चक्क 'कर्ता' असं लिहायचं. आजवर मला घरात दुधाच्या कुपनांपलीकडे कोणी विचारत नव्हतं. मला ही कल्पना एकदम पटली.

काकांना मात्र ती पटेना. खरं तर त्यांचंच काम, पण विषय काढला की त्यांचा चेहरा उतरायचा. पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणाले, पितृपक्ष आहे. मग म्हणाले, संक्रांत होऊ दे. मग बजेट काय म्हणतं ते बघू. प्रत्येक भेटीत मेधाला बरोबर आणायला सांगायचे आणि तिच्याकडे रोखून बघत विचारायचे, "तब्येत बरी आहे ना? रक्त तपासलं होतं का हल्ली?" इन्कम टॅक्सला रक्ताचा रिपोर्ट कशाला लागतो, हे आम्हाला कळेना. मेधा शाळेत शिकवायची, तिला उलटतपासणीची सवय नव्हती. घरी आल्यावर ती म्हणायची, काकांना माझ्यात काही दिसतंय का? मग दोन दिवस तीही आरशात जीभ काढून बघायची.

होता होता जुलै उजाडला. महिनाअखेरीला रिटर्न भरायचं, पैसे तसेच पडलेले, आणि काकांची भीती आता माझ्या अंगात उतरली होती. कारखान्यातून येताना फाटकाशी कोणाची गाडी दिसली की मीही आधी ती पांढरी आहे का ते बघायचो. त्यातच एके संध्याकाळी मेधानं विचारलं, "त्या तिसऱ्या फाइलवर माझी सही कुठे असते?"

"सही कर्त्याची. म्हणजे माझी."

"आणि माझी?"

मी म्हटलं, सही कोणाची यानं काय फरक पडतो. ती म्हणाली, फरक पडत नसेल तर माझी घेऊ दे.

लग्नानंतरचं आमचं ते पहिलं खरं भांडण. याआधीची सगळी चहात साखर किती, अशा दर्जाची होती. यात तिनं आवाजही चढवला नाही. ती एवढंच म्हणाली, की माहेरी रेशनकार्डावर मी होते, इथे तुझ्या रेशनकार्डावर आले, आता कुटुंब म्हणून एक माणूस जन्माला घालतोयस आणि त्यातही मी नुसती नावापुरती. पुढचे काही दिवस आम्ही भाजी कोणती, याहून जास्त बोललो नाही. हे असंच राहिलं तर, या विचारानं माझं कामात लक्ष लागेना.

रविवारी सकाळी काका स्वतःच वर आले. एरवी आमच्या पावलांच्या आवाजाची तक्रार घेऊन यायचे. आज म्हणाले, "वरून काही आवाज येत नाही. बरं आहे ना सगळं?"

मेधानं चहा ठेवला आणि त्यांच्यासमोर बसली. मी मध्ये बोलायच्या आत तिनं सरळ विचारलं, की सही यांची, मग त्या कुटुंबात माझं काय?

काकांनी बशी खाली ठेवली. "तू नसलीस तर फाइलच नाही. हा एकटा ऑफिसात जाऊन म्हणाला ना, की मी कुटुंब आहे, तर ह्याला हसतील. कायद्यात एका माणसाचं कुटुंब होत नाही. सही करेल हा. पण तू आहेस म्हणून हा कर्ता."

मेधानं माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी पाहिलं. मला हायसं वाटलं, आणि त्या भरात मी काकांना म्हणालो, इतकं साधं होतं तर वर्षभर आम्हाला का लटकवलंत?

काका चष्मा पुसायला लागले.

"माझी आहे तशी फाइल," ते म्हणाले. "सुमननंच काढायला लावली होती. म्हणायची, सगळ्या नाशिकची काढता, आपली कधी काढणार. ती गेली तेव्हाच बंद करायला हवी होती."

"आणि तुम्ही अजून भरता?"

"दरवर्षी. उत्पन्न सगळं माझ्या स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवतो. कर भरतो. सरकारची पै बुडवत नाही मी. कुटुंबाचं नुसतं शून्य भरतो, आणि खाली कर्ता म्हणून सही करतो."

पांढरी गाडी दिसली की हा माणूस शर्ट घालून का बसायचा, ते मला तेव्हा कळलं. या गोष्टीवर आम्ही वर्षभर हसलो होतो.

"बंद करायला अर्ज द्यावा लागतो," काका सांगत होते. "कुटुंबात आता दुसरं कोणी राहिलेलं नाही, असं लिहायचं. एवढं एकच वाक्य. दर जुलैत कागद घेऊन बसतो. लोकांचे इतके अर्ज लिहिले, हा काही लिहून होत नाही. म्हणून तुमची काढायलाही हात धजेना. उघडताना दोघं असतात ना. बंद एकट्याला करावी लागते."

मेधा उठली. शाळेच्या पेपरांच्या गठ्ठ्यातून एक कोरा कागद काढून परत येऊन बसली. "काका, तुम्ही सांगा. मी लिहिते."

काकांनी सांगायला सुरुवात केली. प्रति, विषय, महोदय, सगळं त्यांच्या रोजच्या ठाम आवाजात. ते वाक्य आलं तेव्हा थांबले. मेधा पेन धरून खाली बघत बसली, तिनं घाई केली नाही. मग त्यांनी ते हळू आवाजात सांगितलं आणि तिनं लिहिलं.

त्यांनी कागद हातात घेऊन नीट वाचला. मी पेन पुढे केलं, ते त्यांना दिसलं नाही.

"अक्षर सुरेख आहे गं तुझं," ते म्हणाले. "तुमची फाइल उद्या काढू. दोघं या. ह्याला एकट्याला पाठवू नकोस."

मग अर्जाची घडी घालून त्यांनी तो खिशात ठेवला आणि उठले. दारात चपला घालताना म्हणाले, "हा मात्र पुढच्या जुलैत देऊ."

मेधा म्हणाली, "देऊ की काका. घाई काय आहे."