फुकट वाटेचं तिकीट

निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी कंडक्टरला सगळे कंडक्टरच म्हणत. त्यामुळे वाट बचाव समितीच्या बैठकीत निधी गोळा करायचा विषय निघाला, तेव्हा सगळ्यांच्या माना आपोआप त्याच्याकडे वळल्या.

"पैसे गोळा करण्यात ज्याची हयात गेली तो माणूस घरात बसून आहे, आणि आपण इथे डोकं खाजवतोय," गिरणीवाला म्हणाला. गिरणीवाला समितीचा अध्यक्ष होता, कारण बैठका त्याच्या गिरणीत भरत.

भांडण तळ्याच्या वाटेचं होतं. गावातून तळ्याकडे जाणारी ती वाट कुणाच्या बापाची नव्हती. गुरं तिथून पाण्यावर जात, बाया धुणं घेऊन जात, आणि ज्यांना घरात करमत नसे ते उगीचच जात-येत. मग वाटेच्या कडेची जमीन शहरातल्या एकाने घेतली, तिथे बंगला बांधला, आणि एके सकाळी वाटेवरच तारेचं कुंपण घातलं. गाव खवळलं. समिती झाली, वकील झाला, आणि निकाल लागेपर्यंत वाट मोकळी ठेवा असा हुकूम कोर्टाने दिला. कुंपण निघालं. त्याच्या तारेचं भेंडोळं समितीने पुरावा म्हणून गिरणीत आणून ठेवलं. पण वकिलाने बजावलं की खटला खरा पुढेच आहे, आणि तो हवेवर चालत नाही.

तेव्हा कंडक्टर वाटेच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसला. मांडीवर डबा, डब्यावर कागद : 'वाट मोकळी राहावी म्हणून ऐच्छिक मदत.' त्यातला 'ऐच्छिक' हा शब्द त्याला पहिल्या दिवसापासून खटकत होता. त्याच्या सबंध नोकरीत तो कधी कानावर आला नव्हता.

सुरुवात झकास झाली. पण हळूहळू त्याच्या लक्षात आलं की काहीजण रोज देतात आणि काहीजण डब्याजवळ आले की त्यांना नेमकी आभाळात काहीतरी महत्त्वाची गोष्ट दिसते. उलट न्हाव्याने सकाळी पैसे टाकले होते, त्याच्याकडेच कंडक्टरने संध्याकाळी पुन्हा मागितले. न्हावी चिडला. देणाऱ्याला दोनदा त्रास नको म्हणून कंडक्टरने दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठी द्यायला सुरुवात केली. चिठ्ठी पुन्हा कुणी वापरू नये म्हणून तिला भोक पाडणं आलं, आणि भोक पाडायचा जुना चिमटा ट्रंकेत होताच.

"अहो, तुम्ही मदत मागताय का भाडं?" बायकोने विचारलं.

"शिस्त लावतोय," तो म्हणाला. चिमटा हातात आल्यापासून त्याची पाठ सरळ झाली होती.

शिस्तीला अंत नसतो. रोज जाणाऱ्यांसाठी पास निघाला. मग शेळ्यांवाली मावशी आली. ती आपला कळप हाकत चालली होती, तिला कंडक्टरने थांबवलं आणि शेळ्यांना अर्धं तिकीट पडेल म्हणून सांगितलं.

"त्या पाणी प्यायला चालल्यात रे, गावाला नाही," मावशी म्हणाली.

"नियम सगळ्यांना सारखा, मावशी. उद्या कुणी उंट आणला तर?"

मावशीने आजवर उंट पाहिला नव्हता. तिने पैसे दिले आणि तळ्यापर्यंत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

आता न देणारे त्याच्या पाठीमागून निसटू लागले. त्याने वाटेवर आडवा बांबू टाकला. लोक बांबूच्या कडेने जाऊ लागले. तेव्हा त्याने गिरणीवाल्याशी मसलत केली. कडेला थोडीशी तार लावली तर सगळे नीट समोरून येतील, याबद्दल दोघांचं एकमत झालं. तार विकत आणणं म्हणजे निधीची उधळपट्टी. गिरणीत पुराव्याचं भेंडोळं पडूनच होतं. ते उलगडून लावलं. चांगल्या प्रतीची तार होती. बंगलेवाल्याने खर्चात कसूर केली नव्हती.

कुंपण निघाल्यापासून बंगलेवाला व्हरांड्यात तोंड पाडून बसलेला असे. एका सकाळी मावशी बांबूपाशी आली, कंडक्टरकडे एकवार पाहिलं, आणि कळपासकट वळून सरळ बंगल्याच्या गेटातून आत शिरली. हिरवळीवरून शेळ्या चालल्यात हे पाहून बंगलेवाला धावत बाहेर आला.

"काय करू बाबा," मावशी म्हणाली, "तिकडे तिकीट लागतं."

बंगलेवाला ओरडायच्या बेतात होता, तो थबकला. आत जाऊन त्याने आपल्या वकिलाला फोन केला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. त्याने मागचंही दार उघडलं आणि मावशीला स्वतः वाट दाखवली. पुढच्या काही दिवसांत तिथे बाक आला, पिण्याचं पाणी आलं, आणि गेटवर पाटी लागली : 'या.' गाव त्याच्या हिरवळीवरून तळ्याकडे जाऊ लागलं आणि जाता-जाता त्याला दुवा देऊ लागलं.

कंडक्टर रिकाम्या वाटेवर डबा घेऊन बसून राहिला. लोकांना कशाची किंमत नाही, असं त्याला मनापासून वाटे. एकदा त्याने आपल्याच बायकोला धुण्याची बादली घेऊन बंगल्याच्या गेटातून शिरताना पाहिलं. जेवताना त्याने जाब विचारला.

"मी आधी तुमच्याकडेच आले होते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, पास काढ."

पाहणीसाठी कोर्टाचा अधिकारी येणार होता, तो नेमका त्याच सुमारास आला. साधा शर्ट, हातात पिशवी. कंडक्टरने बऱ्याच दिवसांनी माणूस पाहिला होता. त्याने हौसेने चिमटा वाजवला.

"एकच का?"

"मी कोर्टाकडून आलोय," तो माणूस म्हणाला. "अडवलेली वाट पाहायला."

"ही काय, हीच," कंडक्टर अभिमानाने म्हणाला.

अधिकाऱ्याने बांबू पाहिला. तार पाहिली. पलीकडे उघड्या गेटातून रमतगमत चाललेली माणसं पाहिली. "आणि अडवलीय कुणी?"

कंडक्टरने शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या गिरणीवाल्याकडे पाहिलं. गिरणीवाल्याला आभाळात काहीतरी दिसलं होतं.

निकाल समितीच्या बाजूने लागला. वाट सार्वजनिक आहे, ती कुणीही, कोणत्याही कारणाने अडवू नये, आणि सध्या ज्यांनी अडवली आहे त्यांनी अडथळा स्वखर्चाने काढावा. वकिलाने समितीचं अभिनंदन केलं आणि जमलेला निधी फीपोटी नेला. बांबू आणि तार कंडक्टरने एकट्यानेच उपटली. हाताला ओरखडे आले.

वाट मोकळी झाली, पण लोकांची सवय मोडेना. बंगल्यातून जवळ पडे, शिवाय बसायला बाक होता. एका संध्याकाळी कंडक्टर त्या जुन्या वाटेने तळ्यावर गेला. इतक्या दिवसांत तो स्वतः तिथून एकदाही चालला नव्हता. वाटेत कुत्रंही भेटलं नाही. तळ्याच्या काठावर मात्र बंगलेवाला एकटाच बसला होता.

"घरात बसवत नाही," तो म्हणाला. "सारखी वर्दळ. काल कुणीतरी व्हरांड्यात झोपलं होतं."

"गेट लावून घ्या."

"गिरणीवाले येऊन गेले. म्हणाले, लावून तर बघा. नव्या समितीची बैठकही ठरलीय म्हणे." बंगलेवाल्याने पाण्यात खडा टाकला. मग जरा सरकून बसला आणि आवाज खाली आणला. "मी तार लावली, माणसं थांबली नाहीत, उलट कोर्टात गेली. तुम्ही नुसता डबा घेऊन बसलात आणि वाट ओस पडली. माझ्या गेटवर बसाल का?"

कंडक्टर ताडकन उठून उभा राहिला. "मी वाट मोकळी राहावी म्हणून बसलो होतो, साहेब."

"म्हणून तर विचारतोय," बंगलेवाला म्हणाला. "अगदी मोकळी राहिली होती."

कंडक्टरने तळ्याकडे पाहिलं. मग हळूच खाली बसला.

"गेटपाशी," त्याने विचारलं, "दुपारची सावली असते का हो?"