दारातल्या माणसाबाबतचा ठराव

मिनेसोटातल्या क्लिअर फोर्क गावात ‘उत्तरेचं दीपगृह’ या मालिकेचा शेवटचा भाग पाहण्यात आला आणि गावाचे दैनंदिन व्यवहार स्थगित झाले. त्या भागाच्या अखेरीस दीपगृह सांभाळणारी विधवा नोरा दार उघडते, बाहेर बघते, “तू?” एवढंच म्हणते आणि पडदा काळा होतो. दारात कोण, हे पुढल्या वर्षी कळायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मालिका ऑनलाइन दाखवणाऱ्या कंपनीनं ती बंद केल्याचं जाहीर केलं.

आर्डिस होवलंडच्या जिवाला तेव्हापासून चैन नव्हतं. बुडून मेला असं समजलेला नोराचा नवरा दारात असेल तर तिचं भलं होणार होतं. दीर असेल तर वाटोळं. “हे कळल्याशिवाय मी मरायची नाही,” तिनं नवऱ्याला, व्हर्लिनला सांगितलं. “बरं,” व्हर्लिन म्हणाला. त्या मुलखात नवरा एवढं बोलला की पुष्कळ झालं.

आर्डिस दीपगृह रसिक मंडळाची अध्यक्ष. तातडीची सभा लुथरन चर्चच्या तळघरात भरली. कॉफी होती, बटाट्यांच्या गोळ्यांचं हॉटडिश, म्हणजे तिकडचा ओव्हनमध्ये भाजलेला घरगुती पदार्थ, होतं आणि चिटणीस रॉजर टेलफसन होता. जन्म शाळा मंडळाच्या सभा चालवण्यात गेल्यामुळे रॉजरला अनुमोदनाशिवाय शिंकही येत नसे. दारात नवराच आहे, असा ठराव त्यानं मांडला. लव्हॉन प्रूइट या बाईंनी ‘दाढीसह’ अशी दुरुस्ती सुचवली आणि ठराव दाढीसह संमत झाला. विरोधक उठून मेथडिस्ट या दुसऱ्या पंथाच्या चर्चच्या तळघरात गेले, तिथं दीर संमत करून परत आले, कारण मेथडिस्टांची कॉफी पातळ होती.

“अहो, हे मतदानानं कसं ठरेल?” आर्डिस कळवळून म्हणाली. “ज्यांनी लिहिलं त्यांना नको का विचारायला?”

“अशा वेळी कंपनीला एखादी वस्तू सगळ्यांनी मिळून पाठवायची वहिवाट आहे,” रॉजर म्हणाला. “प्रश्न दाराचा असल्यामुळे दारांच्या मुठी पाठवाव्यात.”

गावातलं हार्डवेअरचं दुकान दुपारपर्यंत रिकामं झालं. मग लोकांनी स्वतःच्या घरच्या मुठी काढल्या. अंगात स्वेटर घालून लोक आपापल्या उघड्या दारांशी अभिमानानं बसले. व्हर्लिन बाथरूममध्ये असताना आर्डिसनं त्या दाराची मूठ काढून टपालात टाकली. तो आतून एकदाच “बरं” म्हणाला.

मुठी पोचल्यावर कंपनीतून एका बाईंचा फोन आला.

“मिसेस होवलंड, आमच्या नोंदीप्रमाणे तुमच्या गावात ही मालिका एकाच व्यक्तीनं पाहिली. तुम्ही. शेवटचा भाग तर तुम्ही एकाच वेळी गावातल्या प्रत्येक टीव्हीवर पाहिलात. आम्हाला तुमची काळजी वाटली.”

आर्डिसनं फार पूर्वी आपल्या खात्याचा पासवर्ड लव्हॉनला दिला होता, तिची कंबर दुखत होती म्हणून. लव्हॉननं तो बहिणीला दिला, बहिणीनं गोधडी शिवणाऱ्या गटाला आणि गटानं तो चर्चच्या सूचनाफलकावर लावला, म्हणजे कुणाला विचारायला संकोच नको.

“गावानं आपापली खाती उघडली तर आम्ही शेवटचा एक भाग करू,” बाई म्हणाल्या. “दारात कोण होतं हे तुम्हाला मात्र आत्ताच सांगता येईल. एकमेव प्रेक्षकाबद्दल कायदा विभागाची हरकत नाही.”

त्यांनी सांगितलं. आर्डिस मनसोक्त रडली.

पुढच्या सभेत तिनं सगळा प्रकार मांडला.

“ज्यांनी आपली मालिका बंद केली त्यांनाच पैसे द्यायचे?” रॉजर म्हणाला. “हा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“पण आपण पैसे दिले नाहीत म्हणूनच ती बंद पडली ना, रॉजर?”

“तो मुद्दा आजच्या विषयपत्रिकेवर नाही.”

“मी दंडावर दीपगृह गोंदवून घेतलंय, आर्डिस,” लव्हॉन दुखावल्या सुरात म्हणाली. “माणसानं याहून जास्त काय करायचं गं?”

स्वतंत्र खात्यांचा विषय बेमुदत पुढे ढकलण्यात आला. मग सगळ्यांनी खुर्च्या जवळ ओढल्या. “हां, आता सांग. कोण होतं?”

“सांगणार नाही,” आर्डिस म्हणाली. तिला खरोखरच संताप आला होता. “आणि पासवर्ड मी सकाळीच बदललाय.”

“असं एकटीनं दाबून ठेवणं तुला शोभत नाही,” रॉजर शांतपणे म्हणाला. “आम्ही तुला आपलं समजत होतो.”

प्रेक्षकांच्या हिताविरुद्ध वर्तन केल्याबद्दल तिला एकमतानं मंडळातून काढण्यात आलं. निघताना तिला उरलेलं हॉटडिश आग्रहानं बांधून दिलं. नव्या मालिकेसाठी नवा अध्यक्ष निवडताना उमेदवाराचं स्वतःचं खातं असावं, एवढी एकच अट घालण्यात आली.

दारात कोण होतं, हे आर्डिसनं पुढे प्रस्तुत लेखकाला सांगितलं. ते वाचकांना कळवायलाही आमची हरकत नाही. तुमच्या हातातला हा अंक तुम्ही विकत घेतलाय की शेजारच्यांचा आणलाय, तेवढं फक्त आधी कळवावं.