सासूबाईंच्या वाढदिवसाचे सहा आकडे

"कराराचा फोन विकायचा कसा, हे माझ्याकडून शिका!" असं बांग ग्यू-चल पाणीपुरवठ्याच्या कचेरीत सगळ्यांना सांगत असे. आणि बढाई खोटी नव्हती बरं का! मोबाइल कंपनीशी केलेल्या दोन वर्षांच्या करारात त्याने त्या फोनला पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. काचेवर पापुद्रा, पापुद्र्यावर झाकण, झाकणावर बायकोने विणलेली पिशवी! खोकं, वायर, पावती, सगळं जागच्या जागी. करार संपला, शुक्रवारी नवं मॉडेल येणार होतं, आणि ते आलं की जुन्याचा भाव धाडकन खाली. म्हणून बुधवारीच त्याने जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर जाहिरात टाकली: साडेचार लाख वॉन, घासाघीस नाही.

गिऱ्हाईकही लगेच मिळालं. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता, वसाहतीच्या फाटकाशी, दुकानासमोर, चनबाई हजर. पन्नाशीच्या, हातात कांद्याच्या पातीची पिशवी.

"माझ्या फोनचा कानाकडचा आवाजच गेलाय," त्या म्हणाल्या. "कुणी काही बोललं की अख्ख्या बसला ऐकू जातं. बघू तुमचा. अगं बाई, हा वापरलाय की नुसता पुजलाय? जरा बंद करून चालू करा बघू."

ग्यू-चलने ऐटीत बंद करून चालू केला. एरवी तो बोट लावताच उघडायचा. आज नव्याने चालू झाल्यामुळे त्याने सहा आकडे मागितले.

"सासूबाईंचा वाढदिवस आहे!" ग्यू-चल छाती फुगवून म्हणाला. "करार त्यांच्याच नावावर, ज्येष्ठांची सवलत मिळते ना! म्हटलं, कुलूपही त्यांच्याच नावाचं हवं."

"वा! असा जावई लाखात एक!" चनबाई म्हणाल्या.

त्याने त्यांच्या ओळखपत्रावरची तारीख दाबली, वर्ष, महिना, दिवस. चूक!

"हां, ती सरकारी. त्यांच्या वडिलांनी नोंदच वर्षभराने केली होती. खरा वाढदिवस तिथीने असतो. तिसरा चांद्रमास, नववी." चूक! "एकोणिसावी?" चूक! फोन म्हणाला, एक मिनिट थांबा.

"चार लाख तीस हजार," चनबाई म्हणाल्या.

"अहो ताई, भाव ठरलाय!"

"उघडणाऱ्या फोनचा ठरलाय."

मिनिट सरलं. त्याने एकोणतिसावीही दाबून पाहिली. चूक! आता पाच मिनिटं थांबा.

"चार लाख. आणि पावणेसहाला माझी बस आहे."

बायकोला विचारावं, तर फोन कुठला? नव्या करारातला, आधीच्याच मॉडेलचा फोन घरी होता, पण पुढच्या विक्रीच्या भावासाठी त्याचं खोकं अजून फोडलेलं नव्हतं! शेवटी चनबाईंचाच फोन मागून त्याने सासूबाईंच्या घरचा नंबर फिरवला. तेवढा एक पाठ होता.

"आई, मी ग्यू-चल. सहज केला. तब्येत बरी ना? जेवण? अं... तुमचा वाढदिवस, तिथीने, नेमका कधी हो?"

चनबाईंच्या फोनमधून सासूबाईंचा आवाज फाटकापासून दुकानापर्यंत घुमला. "आज, जावईबापू."

दुकानातली दोन माणसं बाहेर आली. पलीकडे कुणीतरी खदखदून हसलं आणि मग बायको, ओक-हुई, कडाडली. "अहो! सकाळी सांगितलं ना, पाचला आईकडे, येताना केक आणा! वाढदिवसाचं समुद्रशेवाळाचं सूप गार होतंय इथे!"

"आणतोय, आणतोय! पण तिथी कितवी?"

"सव्वीस!"

पाच मिनिटं भरताच ग्यू-चलने सव्वीस दाबली. चूक! "अहो, तरी फोन उघडत नाही!" तो ओरडला. तेवढ्यात चालू फोनवरून सासूबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, उगाच दमू नका. कराराच्या दिवशी फोनच्या दुकानात मी तुमच्या शेजारीच बसले होते. तिथल्या बाईंनी आकडे विचारले. तुम्ही म्हणालात, आईंचा वाढदिवस! मग माझ्याकडे बघितलंत, छताकडे बघितलंत आणि हळूच स्वतःचा दाबलात."

"आई... तुम्ही दोन वर्षं बोलला नाहीत?"

"चारचौघांत तुम्ही एवढं कौतुकाने सांगायचात. ऐकायला गोड वाटायचं मला."

माणूस एकच गोष्ट शंभरदा सांगतो आणि शेवटी स्वतःच तिच्यावर विश्वास ठेवून बसतो! ग्यू-चलने फोनने पुन्हा घातलेली थांबायची मुदत संपेपर्यंत मान वर केली नाही. मग स्वतःचे सहा आकडे दाबले. फोन उघडला.

चनबाईंनी चार लाख मोजले, वर एक वॉन नाही. ग्यू-चल केकच्या दुकानाकडे पळाला आणि सर्वांत मोठा केक घेऊन धापा टाकत सासुरवाडीला पोचला. सासूबाईंनी सूप पुन्हा गरम करून पहिला वाडगा त्यालाच दिला.

पहिला घोट घेतो न घेतो, तोच ओक-हुई तिचा फोन त्याच्या नाकासमोर नाचवत आली. अ‍ॅपवर त्याच्या जाहिरातीखाली चनबाईंचा अभिप्राय झळकत होता:

"फोन अगदी नव्यासारखा, कुठे ओरखडा नाही. सासूबाई उत्तम. जावई मात्र वर्णनाप्रमाणे निघाला नाही."