आवाज गेला की मेन पाडा

ऑरव्हिलला कोणी विचारलं नव्हतं, तरी तो सांगायचा. दुकानात, चर्चबाहेर, धावपट्टीवर, जिथे दोन माणसं उभी दिसतील तिथे तिसरा हा. "एकदा ऊन धरू दे," तो म्हणायचा, "जनरेटर बंद करतो की नाही बघा. गाव सगळं सूर्यावर चालेल आणि तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

कळणार नाही, एवढं शेवटचं मात्र साफ चुकलं.

पार उत्तरेकडच्या, यूकॉन नदीकाठच्या त्या गावाला रस्ता नाही. डिझेल उन्हाळ्यात नदीतून मालवाहू बार्जवरून येतं, बाकीचं सगळं विमानातून, आणि विमान त्याच्या मनात येईल तेव्हा. गावची वीज म्हणजे ऑरव्हिलच्या ताब्यातला, पत्र्याच्या शेडमधला जनरेटर. तो वर्षानुवर्षं घरघरत होता. गावातली निम्मी माणसं त्या घरघरीतच जन्मली आणि तिच्यातच पुरली गेली. आता शेडमागच्या माळावर सोलर पॅनेलच्या रांगा उभ्या राहिल्या होत्या, शेजारी बॅटऱ्यांचा पांढरा कंटेनर आला होता, आणि ऑरव्हिलचे पाय जमिनीवर राहिले नव्हते.

त्याआधी गावाला त्याने एकच धडा शिकवला होता, पण तो घासून घासून. जनरेटर बंद पडला की प्रत्येकाने घरातला मेन स्विच पाडायचा. नाहीतर पुन्हा चालू करताना सगळ्या गावाची फ्रीजरं, पंप, शेगड्या एकदम अंगावर येतात आणि जनरेटर गुदमरतो. सुरुवातीला कोणी ऐकत नसे. मग ऑरव्हिल घरोघरच्या व्हीएचएफ रेडिओवरून नावं घेऊन उद्धार करायचा. कोणाच्या सासूसमोर, कोणाच्या होणाऱ्या व्याह्यासमोर, त्याला काही सोयरसुतक नसे. "आवाज गेला की मेन पाडा, आवाज आला की मेन चढवा," हे त्याने इतक्यांदा म्हटलं की लहान पोरं दोरीवरच्या उड्या मारताना तेच म्हणू लागली.

आणि सगळ्यांत इमानाने हा नियम कोण पाळायचं, तर बर्था. बर्था म्हणजे ऑरव्हिलच्या बायकोची, लोरेटाची, थोरली बहीण. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात तिचा मुलगा डेलबर्ट स्नोमोबाइलसकट नदीच्या बर्फातून खाली गेला. त्याच्या थोडंच आधी, पानं पिवळी पडली तेव्हा, त्याने एक मूस मारला होता. घोड्याएवढं ते हरीण, त्याचं मांस बर्थाच्या फ्रीजरमध्ये काठोकाठ भरलं होतं. ते डेलबर्टच्या पॉटलॅचसाठी. गेलेल्या माणसाच्या नावाने साऱ्या गावाला जेवू घालायचं, त्याच्यासाठी नवं गाणं रचून म्हणायचं, ज्यांनी त्याची कबर खणली त्यांना भेटी द्यायच्या. एकदा पॉटलॅच झाला की मागे राहिलेल्यांनी त्याच्यासाठी रडायचं नाही, अशी रीत.

म्हणूनच तो होत नव्हता. पहिल्या वर्षी बर्था म्हणाली, गाणं जमत नाहीये. मग म्हणाली, ब्लँकेटं जमली नाहीत. मग पुन्हा गाणं. कोणी घाई केली नाही. डेलबर्टची कबर ऑरव्हिलनेच खणली होती, गोठलेल्या मातीवर शेकोट्या पेटवून, त्यामुळे तो तर या विषयावर एरवीपेक्षा गप्प असायचा. त्या घरात शिरलं की बर्था आधी फ्रीजरच्या झाकणावर हात ठेवायची आणि मग चहाचं विचारायची. ते फ्रीजर चालू राहणं म्हणजे काय, हे ऑरव्हिलला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तर, जूनमधली ती सकाळ. पुढच्या बॅटऱ्या मंजूर करणारे पाहुणे शहरातून दुपारच्या विमानाने यायचे होते आणि गावच्या चीफने, सिडनीने, बजावलं होतं की शेडमधून चूंसुद्धा ऐकू येता कामा नये. ऑरव्हिलने रेडिओवरून घोषणा केली: दहाच्या सुमारास जनरेटर बंद करतोय, घाबरू नका, वीज जाणार नाही, मेन पाडू नका. घोषणा स्वच्छ होती, खणखणीत होती. अडचण एवढीच, की महिनाभर त्याची तीच टकळी ऐकून गावाने कान किटल्यावर जे करतात ते केलं होतं. त्याचा आवाज आला रे आला की हात आपोआप रेडिओचं बटण पिळून आवाज शून्यावर आणायचा.

त्याने जनरेटर बंद केला.

गावात अशी शांतता पसरली की कुत्री बावचळून एकसाथ रडायला लागली. जूनमध्ये तिथे सूर्य मावळत नाही, घरात दिवा कोण लावतो? वीज आहे की गेली हे डोळ्यांना कळायला काही मार्गच नव्हता. कानांना मात्र कळलं. आवाज गेला. आणि गावाने, लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत, घराघरातून, कधी नव्हे इतक्या एकजुटीने मेन पाडले.

शेडमध्ये ऑरव्हिल पडद्यावर बघत होता. गावाला लागणाऱ्या विजेचा आकडा घसरत घसरत तळाला गेला. त्याची छाती फुगली. त्याला वाटलं, सूर्याच्या ताकदीपुढे आपलं गाव म्हणजे किस झाड की पत्ती! तो स्वतःसाठी कॉफी ओतून घेत होता तेवढ्यात दारात लोरेटा येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"वीज कधी येणार?"

"वीज आहे."

"मग आवाज कुठाय?"

"आवाज नाही, पण वीज आहे. लोरेटा, तू मेन पाडलास?"

"तूच सांगतोस ना पाडायला?"

ऑरव्हिलने पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि कॉफी खाली ठेवली. मग त्याने रेडिओ उचलला आणि कळवळून सांगितलं, की बाबांनो, तारेत वीज आहे, मेन चढवा. दोनदा, तीनदा सांगितलं. लोरेटाने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, कोणाशी बोलतोयस? मेन पाडले की रेडिओही बंद. तिने साधा उपाय सुचवला: दोन मिनिटं जनरेटर चालू कर, लोक आवाज ऐकून मेन चढवतील, रेडिओ चालू होतील, मग त्यावर सांगून कर पुन्हा बंद.

उपाय बरोबर होता आणि तिथेच ऑरव्हिल नडला. पाहुणे कधीही उतरतील. त्यांच्या कानावर पहिली घरघर जनरेटरची पडली तर आपली काय शोभा? त्यापेक्षा आपण दारोदार जाऊन सांगू, असं तो म्हणाला आणि निघाला.

दारोदार त्याचं जे झालं ते सांगण्यासारखं नाही, पण सांगतो. एका म्हाताऱ्याने त्याला स्वतःच्या कानाकडे बोट करून दाखवलं आणि दार लावून घेतलं. एका बाईने त्याच्यादेखत मेन चढवला, आवाज आला नाही म्हणून दाराआड पुन्हा पाडला. आणि बरीचशी घरं तर रिकामीच होती. वीज गेली, ऊन पडलंय, घरात करायचं काय, म्हणून लोक होड्या काढून नदीकाठच्या आपापल्या मासेमारीच्या तळावर निघून गेले होते. मासे धरायला बंदी येऊन कैक उन्हाळे झालेत. सामन मासा नदीत येईनासा झालाय. तरी माणसं जातात, रिकाम्या मांडवाखाली बसतात, चहा पितात आणि परत येतात.

बर्थाही गेली होती. दाराला कुलूप.

ऑरव्हिल घराला वळसा घालून मागे गेला. पलीकडच्या पडवीत ते फ्रीजर. खिडकीतून त्याची कड दिसत होती, बाकी काही नाही. त्याने भिंतीला कान लावला आणि श्वास रोखला. बारीक गुणगुण ऐकू आली, अखंड, एका सुरातली. त्याचा जीव भांड्यात पडला. नियम पाळणारी असली म्हणून काय झालं, ताई डेलबर्टचं फ्रीजर थोडंच बंद करेल? घरी येऊन त्याने लोरेटाला छातीठोकपणे सांगितलं, "ताईचं फ्रीजर चालू आहे. या कानांनी ऐकून आलोय."

जूनमध्ये यूकॉनच्या काठी भिंतीला कान लावला की जे ऐकू येतं, त्याला डास म्हणतात. हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं. मान खाजवत खाजवत तो घरी आला होता, तरी आलं नाही.

पाहुणे आलेच नाहीत. वरच्या जंगलात वणवा लागला होता, धूर धावपट्टीवर उतरला आणि विमान आल्या वाटेने परत गेलं. संध्याकाळी ऑरव्हिलने मान खाली घालून जनरेटर चालू केला. त्या क्षणी गावभर मेन चढले. सूर्याची वीज आली आहे हे गावाला कळावं म्हणून तो डिझेल जाळत बसला, आणि त्यावर सिडनी जे बोलला ते चर्चशेजारी राहणाऱ्या माणसाच्या तोंडी शोभणारं नव्हतं.

बर्थाचा तळ नदीच्या तीन वळणांपलीकडे. तिथवर आवाज पोचत नाही. ती चांगली दोन दिवसांनी आली. ऑरव्हिल धक्क्यावरच होता, तिचं गाठोडं उचलून तो वर घेऊन आला, वाटेत बॅटऱ्यांचं कौतुकही ऐकवून झालं. तिने कुलूप काढलं. पडवीच्या फळ्यांमधून तांबूस पाणी पायरीवर आलं होतं.

बर्थाने झाकण उघडलं आणि आत हात घातला. वरचं मांस मऊ पडलं होतं. खाली, मधोमध, अजून बर्फ होता.

"ताई, मी कान लावला होता," ऑरव्हिल म्हणाला. "चालू आहे असं वाटलं मला."

"मी मेन पाडूनच गेले," बर्था म्हणाली. "तू आवाज आणतोस तासाभरात. मला वाटलं, शेजारची हाना येऊन चढवेल. किल्ली तिला द्यायची राहिली." तिने हात खालच्या बर्फापर्यंत नेऊन चाचपलं. ऑरव्हिलला वाटलं, हिने आता आपल्याला दोन लगावाव्यात. त्याने बरं वाटलं असतं.

"आज शिजवलं तर माणसं खातील," ती म्हणाली. "उद्या कुत्री. जा, सिडनीला सांग हॉल उघडायला."

पुन्हा गोठवलं असतं तर, असं ऑरव्हिलच्या ओठांवर आलं होतं, पण वितळून पुन्हा गोठवलेलं मांस मुलाच्या नावाने वाढायचं नाही हे तिने न बोलताच ठरवलं होतं. दुपारपर्यंत हॉलमधली पातेली उकळायला लागली. ब्लँकेटं होती तेवढी आली. शिकारीच्या बंदुका, शिवलेले हातमोजे, जे घरात होतं ते आलं. गाणं झालं आहे की नाही, हे विचारायचं धाडस कोणाला झालं नाही.

जेवण सुरू व्हायच्या आधी बर्था ऑरव्हिलजवळ आली. "तुझा तो जनरेटर बंद कर," ती म्हणाली. "मला म्हणायचंय."

त्याने बंद केला. आवाज जाताच कोपऱ्यातला एक म्हातारा सवयीने उठून हॉलच्या मेनकडे निघाला, लोरेटाने त्याला दंडाला धरून खाली बसवलं. शेगड्या चालू राहिल्या. आणि बर्थाने गाणं म्हटलं. तयार होतं ते. पहिल्या हिवाळ्यापासून तयार असावं, इतकं ते तिच्या जिभेवर रुळलेलं होतं. इतकी वर्षं त्या गावातलं प्रत्येक गाणं घरघरीवर आवाज चढवून म्हटलं गेलं होतं. हे तिने बोलल्यासारखं हळू म्हटलं, आणि मागच्या बाकापर्यंत प्रत्येक शब्द गेला.

मग भेटी वाटल्या. ज्यांनी कबर खणली त्यांना एकेकाला बोलावून दिल्या. ऑरव्हिलचं नाव शेवटी आलं. बर्थाने दाराकडे बोट केलं. चार जणांनी घरून उचलून आणलेलं ते फ्रीजर तिथे उभं होतं.

"हे तुला," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "तू नसतास तर मी मरेपर्यंत त्याला बर्फातच ठेवला असता."

पॉटलॅचची भेट नाकारता येत नाही. नुसती घेऊनही भागत नाही, ती खांद्यावर उंच धरून गोलात नाचावं लागतं. बंदूक मिळालेला बंदूक घेऊन नाचत होता, ब्लँकेटवाले ब्लँकेट घेऊन. ऑरव्हिल तीन गड्यांच्या मदतीने फ्रीजर खांद्यावर घेऊन नाचला. दोन पावलं चुकला, एकदा सिडनीच्या पायावर पडला, पोरं हसून हसून लोळली. बर्थाही हसली. ऑरव्हिलचा चेहरा गळ्यापर्यंत ओला झाला होता, आणि पॉटलॅच झाल्यावर रडायची तर बंदी. पण गाव शहाणं आहे. फ्रीजर नीट पुसलं नसणार, त्यातलंच पाणी ठिबकतंय, असं सगळे धरून चालले.