झूला साडीतल्या महालक्ष्म्या

शंकरराव केवडा शोधत शोधत पार बडा गणपतीपर्यंत गेले आणि परत आले, तेवढ्या वेळात घरात महालक्ष्म्या बसल्या होत्या आणि शंकररावांचा धंदाही बसला होता. पैकी दुसरी गोष्ट त्यांना उंबरा ओलांडल्यावर कळली.

"या, या! बघा तरी," सरलाबाई हात जोडूनच म्हणाल्या. "कमाल केलीत हो तुम्ही या वर्षी! मी म्हटलं, मिल बंद पडली, आता देवीला मागच्याच साड्या. आणि तुम्ही गुपचूप ही जोडी आणून ठेवलीत? दोघींना एकदम सेम टू सेम!"

शंकररावांनी बघितलं. मखरात ज्येष्ठा आणि कनिष्ठा शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोघींच्या अंगावर मोरपंखी साडी, काठाला बारीक आरसे, पदरावर जरीचा झोपाळा. शंकररावांच्या हातातला केवडा खाली पडला.

ही साडी काय चीज होती ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, साडीच तर आहे, एवढं काय! त्या पावसाळ्यात इंदुरात एक सिनेमा लागला होता. सिनेमात राम नव्हता, पण त्यातली हिरॉईन झोपाळ्यावर बसून एक गाणं म्हणायची आणि तेव्हा तिनं ही साडी नेसलेली असायची. झालं! अख्खं गाव खुळावलं. दुकानदारांनी साडीचं नाव ठेवलं 'झूला साडी'. शंकररावांच्या छत्रीबागेतल्या भजनी मंडळानं त्याच चालीवर गणपतीचं भजन बसवलं आणि गणपतीनंही काही तक्रार केली नाही.

शंकरराव मिलमध्ये जॉबर होते. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, रांगांवर त्यांची हुकमत चालायची. मिल बंद पडली, भोंगा गप्प झाला, पण शंकररावांचे पाय काही गप्प बसेनात. पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचं आणि ओसरीत येरझारा घालायच्या. "फरशी झिजवून टाकाल," असं म्हणून सरलाबाईंनीच त्यांना पिकोचं मशीन घ्यायला लावलं. "कापड विणणारा माणूस मी, आता बायकांच्या साड्यांना फॉल लावत बसू?" असं महिनाभर धुसफुसून शंकरराव मशीनवर बसले, आणि बसले ते बसलेच. हात सफाईचा. पण खरं नाव झालं ते वेगळ्याच कारणानं. शंकररावांकडे दिलेली साडी दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडत नाही, अशी त्यांची ख्याती होती. बायकांच्या लेखी हे फॉलपेक्षा कितीतरी मोठं.

आणि म्हणूनच इंदिराबाईंनी आणि कुमुदिनीवहिनींनी आपापली झूला साडी त्यांच्याकडे दिली होती. दोघी एकाच गल्लीतल्या आणि एकमेकींशी फक्त हळदीकुंकवापुरत्या बोलणाऱ्या. उद्या संध्याकाळी गणेश मंडळाच्या मांडवात टीव्हीवर असते तशी अंताक्षरी होती आणि या दोघी दोन पार्ट्यांच्या कॅप्टन होत्या. "भाऊ, अख्ख्या छत्रीबागेत माझ्याकडेच आहे हं ही साडी. उद्यापर्यंत कुणाला दिसता कामा नये," असं इंदिराबाई बजावून गेल्या. तासाभरानं कुमुदिनीवहिनी येऊन तेच बजावून गेल्या. शंकररावांनी दोघींना शब्द दिला. उद्या स्टेजवर काय व्हायचं ते होवो, आपला शब्द गेला नाही म्हणजे झालं!

"अगं, कुठून घेतल्यास या साड्या?" शंकररावांचा आवाज पार चिरकला.

"तुम्हीच म्हणालात ना, देवीच्या साड्या मशीनपाशी ठेवल्यात."

"मशीनपाशी दोन जोड्या होत्या!"

"हो, एक ही. दुसरं ते पेपरात गुंडाळलेलं लाल-पिवळं. कुणाच्या तरी परकराचं अस्तर होतं ते."

शंकररावांनी मशीनखाली वाकून बघितलं. पेपरचं पुडकं तिथंच होतं. त्यांनी ते पायानं आणखी आत सरकवलं.

"सरला, या गिऱ्हाइकांच्या साड्या आहेत. उद्या संध्याकाळी द्यायच्यात. काढ आत्ताच्या आत्ता."

सरलाबाईंनी तोंडावर हात ठेवला. पण तो फक्त क्षणभर. "काढू? उंबऱ्यापासून पावलांवरून वाजतगाजत आणलंय दोघींना. आता परवा विसर्जन होईतो बोट लावायचं नाही. माझ्या सासूबाईंनी कधी पदर नीट करायलासुद्धा हात लावला नाही. आणि मी देवीची साडी फेडू? मतलब तुम्हाला काही वाटतं का?"

"मग त्या दोघी उद्या काय नेसतील?"

"ते देवीला विचारा."

शंकररावांनी खरोखरच विचारलं. गाऱ्हाणंच घातलं म्हणा ना. "आई, मिलच्या वेळी मी तुला काही विचारलं नाही. तुझी मर्जी. पण हे मशीन तरी राहू दे. एकदा का शब्द फिरला की या गल्लीत कुणी रुमालसुद्धा देणार नाही मला." दोन्ही देव्या आरसे चमकवत बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी, ऐन पूजेच्या दिवशी, शंकरराव सकाळीच बाहेर पडले. दोन नव्या झूला साड्या मिळवायच्या, गुपचूप फॉल लावून द्यायच्या आणि मोकळं व्हायचं, असा बेत. शीतलामाता बाजारातलं एकेक दुकान त्यांनी पालथं घातलं. "माल खतम, भिया. अब दिवाली पे आना," एवढंच ऐकून परत फिरायचं. शेवटी एका दुकानदाराला दया आली. "बेटमा में मेरे साढू की दुकान है. वहाँ एक पीस पक्का पड़ा है."

एक तर एक! बसमध्ये शंकररावांना बसायला जागा मिळाली होती, तरी ते बेटम्यापर्यंत उभे राहिले. एकाच साडीत दोघींना कसं पटवायचं याची जुळवाजुळव त्यांनी वाटेत करून ठेवली. साढूनं त्यांना पाणी दिलं, गादीवर बसवलं आणि मग गल्ल्यामागे बोट दाखवलं. तिथं त्याची बायको शेंगदाणे निवडत बसली होती. नेसली होती अर्थात झूला साडी.

"आज ही पहनी है," साढू लाजून म्हणाला.

इकडे घरी शंकररावांनी मुलीला, अनुश्रीला, ताकीद दिली होती, की दार लावून घे, कुणालाही आत सोडू नको. आता महालक्ष्म्यांच्या दिवशी दार लावून घ्यायचं म्हणजे काय? पहिल्यांदा शेजारीण आली. "अगं, लक्ष्मी आत आणि दाराला कडी? अक्कल आहे का?" अनुश्रीनं दार उघडलं. शेजारीण आत आली, तिनं हात जोडले आणि किंचाळली, "अगंबाई, झूला साडी!" त्यानंतर दार लावायची सोयच उरली नाही.

शिवाय अनुश्रीनं तो सिनेमा चारदा पाहिलेला. तिला बापाची चिंता समजली नाही असं नाही, पण हौस मोठी. तिनं मखराला फुलांच्या माळांचा झोपाळा टांगला. वाती वळता वळता टेपवर ते गाणंही लावलं. "अनु, बंद कर ते," असं सरलाबाई दोनदा म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा पुरण वाटता वाटता स्वतःच गुणगुणू लागल्या. बायकांची रीघ लागली. कुणी म्हणालं, देवी हसते आहे. कुणी म्हणालं, ज्येष्ठेचा चेहरा सेम हिरॉईनसारखा दिसतोय. एका आजींनी तर तो सिनेमा नवसाला पावतो का, असंही विचारून घेतलं.

शंकरराव नैवेद्याच्या वेळेला गल्लीच्या तोंडाशी पोचले, तर आपल्या दारात चपलांचा ढीग आणि गर्दीतून आत जाणारी एक काळी वायर. ते गर्दीतून वाट काढत आत घुसले. वायरच्या दुसऱ्या टोकाला आशिष केबलवाला खांद्यावर कॅमेरा घेऊन उभा होता.

"काका, कुठे होते तुम्ही? आपल्या चॅनलवर 'घरोघरी महालक्ष्मी' चालू आहे. एकदम गजब आयटम आहे हा!"

"बंद कर, बाबा. हात जोडतो तुला."

"टेन्शन नका घेऊ. सगळं लाईव्ह चाललंय, पूर्ण छत्रीबाग बघून राहिली आहे."

"पूर्ण?" शंकररावांनी भिंतीचा आधार घेतला. "इंदिराबाईंकडे तुझं कनेक्शन नाही ना?"

"वा! नाही कसं? मीच तर लावलंय. आणि कुमुदिनीवहिनींकडेपण."

हे वाक्य पुरं होतं न होतं तोच गर्दी बाजूला झाली आणि इंदिराबाई आत आल्या. केस अर्धे विंचरलेले, कंगवा हातातच. त्यांनी ज्येष्ठेकडे बघितलं, साडी ओळखली आणि मग शंकररावांकडे असं बघितलं, की मिल बंद झाल्याची नोटीस वाचतानासुद्धा शंकरराव असे भिंतीला चिकटले नव्हते. मग इंदिराबाईंची नजर कनिष्ठेकडे गेली. तीच साडी! एवढ्यात मागून कुमुदिनीवहिनी धापा टाकत आल्या. त्यांनी आधी कनिष्ठा पाहिली, मग ज्येष्ठा, मग इंदिराबाई. दुसरीही गुपचूप हीच साडी नेसणार होती, ते दोघींना एकदमच कळलं.

टेपवरचं गाणं नेमकं तेव्हाच संपलं.

"शंकरराव," इंदिराबाईंनी सुरुवात केली, "ही साडी..."

"हां, काकू, या साडीबद्दलच दोन शब्द बोला!" आशिषनं कॅमेरा त्यांच्याकडे वळवला. त्यावरचा लाल दिवा लागला होता. इंदिराबाईंनी कंगवा पाठीमागे लपवला. बायका त्यांच्याकडे बघत होत्या, देव्या बघत होत्या, अख्खी छत्रीबाग बघत होती. इंदिराबाईंनी डोक्यावरून पदर घेतला.

"ही साडी," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "मीच देवीला वाहिली आहे. म्हटलं, आपण काय, कधीही नेसू."

"आणि दुसरी माझी!" कुमुदिनीवहिनी कॅमेऱ्यासमोर घुसल्या. "मी तर दुकानातून सरळ देवीसाठीच आणली. घडीसुद्धा मोडली नाही."

"मी फॉल लावून वाहिली."

"मी फॉल आणि पिको, दोन्ही!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी "महालक्ष्मी माता की जय" म्हणालं. शंकरराव तिथंच भिंतीला टेकून खाली बसले, आणि सरलाबाईंनी त्यांच्या हातात आंबिलीची वाटी दिली तेव्हा ती त्यांनी पेढा समजून कपाळाला लावली.

जाताना इंदिराबाई त्यांच्या कानाशी वाकल्या. "भाऊ, खरं सांगा. आधी कुणी आणून दिली होती?"

"तुम्हीच, ताई."

थोड्या वेळानं कुमुदिनीवहिनींनी तेच विचारलं. शंकररावांनी त्यांनाही तेच सांगितलं. शब्दाचे ते पक्के होते. संध्याकाळी दोघी जुन्या रेशमी साड्या नेसून अंताक्षरीला बसल्या आणि 'झ' आला की दोघीही गप्प राहिल्या.

तिसऱ्या दिवशी विसर्जन झालं. देवीच्या अंगावरच्या साड्या घरच्या बाईनं नेसायच्या ही रीत. सरलाबाईंनी दोन्ही साड्यांच्या घड्या घातल्या आणि जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "पण मग तुम्ही देवीला म्हणून ठेवलं होतं ते काय?"

"काही नाही. अस्तर होतं. तूच म्हणालीस ना?"

सरलाबाईंनी मशीनखालचं पुडकं ओढून सोडलं. आत दोन लुगडी होती, एक लाल, एक पिवळं. साधं सुती कापड, रंगाऱ्याकडून रंगवून आणलेलं. काठाला शंकररावांच्या हातचा बारीक पिको, आणि एका कोपऱ्यात रंगाखालून मिलचा छाप अजून दिसत होता.

"शेवटच्या दिवशी माझ्या साच्यावर होतं ते," शंकरराव मशीनकडे बघत म्हणाले. "वीव्हिंग मास्तर म्हणाला, शंकरराव, घेऊन जा घरी, आता कोण विचारतं. म्हटलं देवीला नेसवू. पण त्या आरशांपुढं... राहू दे. पुढल्या वर्षी नेसव."

सरलाबाईंना एकदम रडूच आलं. "अस्तर म्हटलं हो मी! जीभ झडली नाही माझी!" त्या लाल लुगडं घेऊन आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा ते त्यांच्या अंगावर होतं. जेमतेम पाच वार कापड. निऱ्या धड चारही आल्या नव्हत्या आणि पदर खांद्यावरच संपला होता.

"अगं, देवीसाठी होतं ते."

"देवीला सगळा गाव साड्या देतो. मला कोण देतंय?"

इतक्यात दारात इंदिराबाई आल्या. हातात पिशवी, पिशवीत पिकोची नवी साडी. त्यांची नजर सरलाबाईंवर गेली आणि तिथंच अडकली. "अगंबाई! हा लाल वेगळाच दिसतो हं. कुठल्या पिच्चरमधली ही? कुठे मिळते?"

"नाही मिळायची आता," सरलाबाईंनी आखूड पदर मोठ्या ऐटीत सारखा केला. "अख्ख्या छत्रीबागेत माझ्याकडेच आहे."

शंकररावांनी मान खाली घालून मशीन सुरू केलं. सुईखाली कापड नव्हतं, तरी ते बराच वेळ पाय मारत राहिले.